भागामायची नववी ओळ

भागामाय उजव्या हाताने कधी कुणाला मारत नसे. मारायची ती डाव्या हाताने, आणि तो डावा हातही चांगला बसायचा. तिचा मुलगा किसना म्हणायचा, "माह्या मायचा डावा खाल्ला, तवापासून दुसऱ्या कोनाचं मारनं मले मारनंच वाटत नाई." उजवा हात तिने पेरणीसाठी राखून ठेवला होता. त्या हाताने ती मिरच्या कांडत नसे, चुलीवरचा तापलेला तवा उतरवत नसे, आणि रागात असली की तो हात लुगड्याच्या ओच्यात खोचून ठेवी. "ह्या हातात बी राह्यते," ती म्हणे. "तिथं राग ठेवला त उगवन काय?"

मेडशीपासून दोन कोसांवर आमचं तीस-चाळीस घरांचं गाव. शाळेच्या पुढे शिकलेला आमच्या घरातला मी पहिला. अकोल्याला कॉलेजात जाऊन मला आता तीन वर्षं झाली, पण लिहायला बसलो की अजून हात अडखळतो. भागामायचं सगळं आयुष्य मला ठाऊक नाही. तिचं माहेर कुठलं हेही मी कधी विचारलं नाही. मला तिचा हात ठाऊक आहे, आणि त्या हाताचं काय झालं तेवढं मी पाहिलं आहे. त्यात थोडा माझाही हात आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे पेरणी दोघांची. पुढे बैल आणि एका फाळाचं औत धरलेला माणूस. औताच्या मागे दोरीने बांधलेली बांबूची पोकळ नळी, तिला सरता म्हणतात. औत जमिनीत एक ओळ उघडत जातं आणि मागून सरता धरून चालणारी बाई नळीत मुठीने बी सोडत जाते. बाईची मूठ सैल असली तर एका जागी झुपके उगवतात, घट्ट असली तर हातहातभर जमीन मोकळी राहते. भागामायची मूठ अशी होती, की तिने पेरलेल्या ओळीत दोन रोपांच्या मधलं अंतर मोजायची कुणाला गरज वाटत नसे. आमच्या गावात पहिल्या दिवशी ज्याच्या वावरात भागामाय, त्याचा त्या दिवशी रुबाब असे.

ती विधवा होती. स्वतःचं चार एकर वावर होतं, ते किसना पाहायचा. पण पेरणीचे आठ-दहा दिवस ती गावाची असायची. सरता हातात धरला की ती कुणाशी बोलत नसे. एकदा गावचे पाटील धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभे राहून म्हणाले, "भागामाय, बरं चालू हाये ना?" ती थांबली नाही. ओळ संपवून धुऱ्यावर आली आणि मग म्हणाली, "पाटील, तुमी इचारलं तवा माही मूठ हलली. तिथं दोन झाडं कमी येतीन. मले नका इचारू, त्या जागेले इचारजा." पंधरा दिवसांनी पाटलांनी खरंच जाऊन पाहिलं म्हणतात.

कपाशीला आम्ही पऱ्हाटी म्हणतो. पऱ्हाटीच्या आठ ओळी झाल्या की नववी ओळ तुरीची, असा आमच्याकडे नेम. भागामायच्या कमरेला दोन ओट्या बांधलेल्या असत. डावीकडे शेणमातीत घोळलेली सरकी, उजवीकडे तूर. आठ ओळी तिने कधी आकड्याने मोजल्या नाहीत. तिला आकडे वीसपर्यंत येत होते, पण त्यांच्यावर तिचा विश्वास नव्हता. तिची मुलं आठ. पाच लहानपणीच गेलेली, दोन मुली सासरी, आणि शेवटचा किसना. आठवा म्हणून त्याचं नाव किसना ठेवलेलं. दर ओळीच्या सुरुवातीला ती एकाचं नाव घ्यायची. नामा. गोदा. इठ्ठल. सखू. बायजा. मारोती. पारू. किसना. मग उजव्या ओटीत हात घालून म्हणायची, "ही माही." ती तुरीची ओळ.

माझ्या मायने एकदा तिला विचारलं होतं, की गेलेल्यांची नावं कशाला घेतेस, जीव तुटत नाही का?

"जित्यायले त ताटात भेटते," भागामाय म्हणाली. "गेलेल्यायले एक ओळ तरी भेटू दे."

मी कॉलेजात गेलो त्या वर्षाची ही गोष्ट. जायला अजून काही दिवस होते, म्हणून पेरणीला मी घरीच होतो. आमच्या खालच्या पाच एकरांत बाबांनी औत धरलं होतं आणि सरत्यावर भागामाय होती. सकाळचं काम नेहमीसारखं झालं. दुपारची भाकर खाऊन पुन्हा औत सुरू झालं, आणि दिवस कलल्यावर ती धुऱ्यावर येऊन म्हणाली, "तूर सरली. आन जरा."

बाबांनी बैल थांबवले. "सरली कशी? पायलीभर देल्ली होती. दर साली दिवसभर बराबर पुरते."

"सरली म्हंजे सरली."

"अजून वावर बाकी हाये भागामाय. तूर कुठं गेली?"

माझे बाबा वाईट माणूस नाहीत. पण त्या दिवशी ते म्हणाले, "ओटी दाखव."

मी तिथेच सरकी घोळत होतो. मायही होती. शेजारच्या वावरातून तुळशीराम दुकानदार येऊन उभा राहिला होता. भागामायने उजवी ओटी सोडली, उलटी करून झटकली. मग डावी झटकली. मग कुणी न सांगता पदर झटकला. पदरातून तुरीचा एक दाणा पडला. तो तिने वाकून उचलला आणि बाबांच्या तळहातावर ठेवला. "घे," ती म्हणाली. "चोराचा माल."

बाबांनी घरून तूर मागवली आणि पेरणी पुरी केली. जाताना ती बाबांना म्हणाली, "म्या खाल्ली असन त जमीन सांगन ना. आठ-पंधरा दिवस थांब." गावात तोवर झालंच होतं. तुळशीरामाने दुकानात बसून चार जणांना सांगितलं, चार जणांनी घरोघर. पुढच्या दिवशी ज्यांनी तिला बोलावलं होतं त्यांनी दुसरी बाई पाहिली. भागामाय सकाळी तयार होऊन, ओट्या बांधून, दारात बसून राहिली. किसना म्हणाला, "माय, चाल, आपलंच पेरू." ती उठली नाही.

पंधरा दिवसांनी जमीन बोलली.

मी सकाळी वावरात गेलो. पेरणी सुरू झाली होती त्या पूर्वेच्या धुऱ्यापासून चालायला लागलो. आठ ओळी पऱ्हाटी, एक तूर. आठ पऱ्हाटी, एक तूर. रोपं दोन-दोन पानांची, सरळ, एकसारखी. तिची मूठ कुठेच हलली नव्हती. मग वावराच्या मध्याजवळ मी मोजलं तर सात. पुन्हा मागे येऊन मोजलं. सातच. त्यापुढे सात, सात, सात. पश्चिमेच्या धुऱ्याजवळ एके ठिकाणी सहा, आणि एके ठिकाणी तुरीच्या दोन ओळी शेजारी शेजारी. तूर तिने खाल्ली नव्हती. ती सगळी जमिनीत होती, वेळेच्या आधी येऊन उभी.

मी धावत जाऊन बाबांना आणलं. बाबांनी पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "चोरी नाई केली बुढीनं." त्यांच्या आवाजात सुटका होती. मग ते पुन्हा ओळींकडे बघत राहिले. "मंग हे काय केलं?"

दोन दिवसांत अर्धं गाव ते वावर पाहून गेलं. माणसं धुऱ्यावर उभी राहून बोटांनी मोजायची आणि हसायची. तुळशीराम म्हणाला, "भागामायनं दोन तुरीचं लगन लावून देल्लं, आपल्याले जेवन नाई भेटलं." चोर म्हणायचे ते आता तिला येडी म्हणू लागले. बाबांनी तिच्या दारी जाऊन माफी मागितली. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "चोरच ऱ्हाऊ द्याचं होतं ना मले. चोर काई पेरनं इसरत नाई."

तेव्हा कुठे मागच्या वर्षभरातल्या गोष्टी लोकांना आठवू लागल्या. ती पाण्याला जायची आणि रिकामी घागर घेऊन यायची. भाकरी करून झाल्यावर पुन्हा पीठ मळायला बसायची. चाळीस वर्षं चाललेल्या वाटेवर एका संध्याकाळी ती नाल्याच्या काठी बसलेली सापडली होती. घर कोणत्या बाजूला हे तिला कळत नव्हतं, पण विचारलं तेव्हा म्हणाली होती, पाय दुखला म्हणून बसले. किसनाला मारोती म्हणून हाक मारायची. हे सगळं घडत होतं, पण कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण तिची जीभ शाबूत होती. पाराजवळून जाताना कुणी मुद्दाम विचारी, "भागामाय, आज वार कोन्ता?"

"तुले ठाऊक नाई म्हून मले इचारून राह्यला काय? बायकोले इचार, तिनं उपास धरला असन."

सगळे हसत. हसण्यात तिला वार सांगता आला नाही हे दडून जाई. पोरं किती म्हणून विचारलं तर म्हणे, "तुह्या मायले इचार. तिचे दिवस म्याच मोजले होते." लोकांना वाटे बाई अजून तल्लख आहे. मलाही तसंच वाटायचं. पण शेतातल्या ओळी पाहिल्यावर मला तिच्या जिभेची भीती वाटू लागली.

अकोल्याला जाण्याच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. ती ओट्यावर बसली होती. समोर किसना बैल धूत होता. मी म्हटलं, "भागामाय, ओळी कशा मोजतेस ते मला सांग ना."

तिने उजवा हात पुढे धरला, जणू मुठीत बी आहे. "नामा. गोदा. इठ्ठल. सखू. बायजा. मारोती. पारू." मग लगेच, अजिबात न थांबता, "ही माही."

मी माझ्या बोटांवर मोजलं. किसनाचं नाव नव्हतं. तो दहा हातांवर बैलाची पाठ चोळत होता. त्याने ऐकलं नाही. तिच्या सात मुलांची नावं जागेवर होती. रोज तिच्या हातावर पाणी घालणारा तेवढा गेला होता. मी कुणाला सांगितलं नाही.

किसनाने त्याच्या परीने उपाय केले. एका भगताकडे नेलं. त्याने मिरचीची धुरी दिली आणि दोन्ही कानशिलांवर बिबा घातला. कातडी फुगून फोड आले. फोड फुटल्यावर तिथे काळे डाग राहिले, ते शेवटपर्यंत होते. किसना तिला धरून बसला होता म्हणतात, आणि तिच्याहून जास्त तो रडला. हे त्याच्याबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं वाचून कुणाला तो दगड वाटेल. तो दगड नव्हता. त्याने लग्नही उशिरा केलं, तेही मायला भाकर कोण करून घालील म्हणून.

हॉस्टेलात हिवतापाची इंजेक्शनं द्यायला एक म्हातारे डॉक्टर यायचे. मी धीर करून त्यांना भागामायची हकीकत सांगितली. ओळींचं ऐकून त्यांनी सुई खाली ठेवली. "सात ओळी? कायम सात?" त्यांनी विचारलं. "बाईंना घेऊन या. हा म्हातारपणाचा वेंधळेपणा नाही. मेंदूचा आजार असावा." मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं. गावात भगत जे ओळखू शकला नाही ते मी ओळखलं होतं.

दिवाळीला घरी जाऊन मी किसनाच्या मागे लागलो. "येडीले डाक्तर काय करन?" त्याची बायको म्हणाली. पण किसना तयार झाला. मेडशीहून आम्ही तिघं मोटारीने अकोल्याला गेलो. भागामाय खिडकीशी बसली होती. सगळा वेळ बाहेरच्या वावरांकडे बघून नापसंतीने मान हलवत होती. "कोन्या येड्या-बयाड्यानं पेरलं रे हे," ती दर थोड्या वेळाने म्हणायची. किसना हसायचा. "आपन नाई पेरलं माय." त्या दिवशी जाताना ते दोघं हसत होते, हे मला नीट आठवतं.

डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली, डोळे पाहिले, तिच्या कानशिलावरच्या डागांवरून बोट फिरवलं. मग गप्पा मारल्यासारखं विचारू लागले. गाव कोणतं, आज सकाळी काय खाल्लं, इथे कशाने आलात. तिने उत्तरं टोलवली. "तुमी नाई खाल्लं काय सकायपासून, माह्या खान्याची चौकशी करता ते?" डॉक्टर हसले. किसनाही हसला. मला भीती वाटली की तिची जीभ डॉक्टरांनाही फसवील, आणि ते म्हणतील, बाई ठीक आहेत. मग माझं ओळखणं खोटं ठरेल. म्हणून मी मधे बोललो. "डॉक्टरसाहेब, त्यांना मुलांची नावं विचारा."

किसनाला मी आधी बाहेर बसवू शकलो असतो. मला ते सुचलं नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सुचलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं. भागामायचा चेहरा खुलला. हे तिला येत होतं. तिने उजवी मूठ पुढे धरली आणि एकेक नाव सोडलं. नामा, गोदा, इठ्ठल, सखू, बायजा, मारोती, पारू. आणि हात मांडीवर ठेवला.

किसना वाट पाहत होता. तो थोडा पुढे झुकला होता. "अन् मंग, माय?"

"अन् मंग काय? झाले."

"अन् किसना?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाशी बोलताना बाई जसा पदर सावरते तसा सावरला. "किसना कोन बापा? तुहा पोरगा काय?"

मग ती डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "हा मानूस लय चांगला हाये. मोटारीत मले जागा धरून देल्ली. माहा नामा आला का ह्याले जेवाले बलावीन."

नामा आठ वर्षांचा असताना गेला होता.

डॉक्टर नंतर आम्हाला बाहेर घेऊन आले. ते हळू बोलत होते. हा मेंदूचा आजार आहे, म्हणाले. मेंदू झिजत जातो. आधी जवळचं जातं, मग लांबचं. यावर औषध नाही. पण सांभाळणं आहे, आणि ते औषधाइतकंच महत्त्वाचं. त्यांना एकटं सोडू नका. जागा बदलू नका. चुकलं तर चूक दाखवू नका. हाताला सवयीचं काही काम द्या. बांधून घालू नका, मारू नका, धुरी-डाग पुन्हा नकोत. "आणि त्यांची परीक्षा घेऊ नका," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आज घेतली ती शेवटची."

किसनाने एवढंच विचारलं, "औषध नाई ना?"

"नाही."

"मंग झालं."

परतीच्या मोटारीत तो पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसला. भागामाय माझ्याशेजारी होती. "तो चांगला मानूस कुठं उतरला?" तिने दोनदा विचारलं. मेडशीला उतरल्यावर तो आमच्या पुढे बराच लांब चालत राहिला. मी धावत त्याला गाठलं. म्हटलं, किसनाभाऊ, हा आजार आहे, ती मुद्दाम नाही करत.

"ठाऊक हाये," तो म्हणाला. "मेलेले पाची हायेत तिच्याजोळ. दोघी दिवाळीलेबी येत नाईत, त्याबी हायेत. मीच नाई." मग थोडं चालून म्हणाला, "तुले आदीच ठाऊक होतं. व्हय ना?"

मी पायाखालच्या वाटेकडे पाहिलं. त्याला उत्तर मिळालं.

त्या दिवसापासून त्याने तिला माय म्हणणं सोडलं. बुढी म्हणू लागला. बुढीले वाढ, बुढीले आवर, बुढी सुटली, बुढीवर नजर ठेव. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून त्याला दिलं. अकोल्याला परत गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या घरात वाचता येणारं कुणीच नाही. तो कागद त्यांनी कोनाड्यात जपून ठेवला होता. वर हळदकुंकू वाहिलेलं मी नंतर पाहिलं.

हिवाळ्यात काय काय झालं ते मायकडून कळलं. एका सकाळी भागामायने कणगीतली ज्वारी ओटीत भरली आणि घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत भर रस्त्यात पेरत गेली. सरळ रेषेत, मूठ न हलवता. मागे गावभरच्या कोंबड्या. लोक दारात येऊन पोट धरून हसले. तुळशीरामाने आपल्या कोंबड्याही आणून सोडल्या. ती देवळापाशी वळली आणि मागे पाहिलं, तर रस्ता मोकळा. एक दाणा नव्हता. ती पुन्हा घरी गेली आणि पुन्हा ओटी भरून आली. तिसऱ्या खेपेला किसनाने रस्त्यात तिला मारलं. तिनेही त्याला मारलं. उजव्या हाताने मारलं, असं माय म्हणाली. मायला तेवढंच सांगायचं होतं.

पुढच्या पेरणीला मी दोन दिवस घरी आलो होतो. परत जायच्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन निघालो, आणि वाटेत किसनाच्या वावराशी थांबलो. किसनाने औत धरलं होतं, सरत्यावर त्याची बायको. तो दर ओळीला मोठ्याने ओरडत होता. एक. दोन. तीन. आठ झाल्यावर म्हणाला, "आता तूर." मला पाहून थांबला.

"आकडेच बरे," तो म्हणाला. "आकडे कोनाले इसरत नाईत."

मी विचारलं, भागामायला भेटून जाऊ का?

"जा ना. बांधेल हाये. सोडशीन त परत बांधजो. विहीर जोळच हाये."

ती अंगणात गोठ्याच्या खांबाशी बसली होती. उजवा हात खांबाला बांधलेला. दोरी मी ओळखली. ती सरत्याची जुनी दोरी होती, तिच्याच हाताने गुळगुळीत झालेली. मनगटावर दोरीचा वळ होता. बसल्या जागी ती डाव्या हाताने माती उचलून समोर सोडत होती. तो तिचा मारायचा हात. त्याला पेरणं येत नव्हतं. माती कुठेही पडत होती.

मी दोरी सोडली. घरात जाऊन मूठभर तूर आणली आणि तिच्या उजव्या हातात दिली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाताला सवयीचं काम द्या. हात आपोआप मिटला. ती उठली आणि अंगणात चालू लागली, दाणे सोडत, एकसारख्या अंतरावर. मी कान देऊन ऐकत होतो. पहिली ओळ संपली तेव्हा ती वळली. नामाचं नाव येईल असं मला वाटलं. लांबचं शेवटी जातं असं डॉक्टर म्हणाले होते.

"ही माही," ती म्हणाली.

पुन्हा वळली. "ही माही." पुन्हा. "ही माही."

अंगणात सगळ्या नवव्या ओळी झाल्या. मागून कोंबड्या आल्या आणि टिपत गेल्या. मी दोनदा त्यांना हाकललं. मग सोडून दिलं. मूठ रिकामी झाल्यावर ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि विचारलं, "तू कोनाचा?" मी बाबांचं नाव सांगितलं. तिने ऐकलं आणि मान हलवली, जणू ते नाव चांगल्या माणसाचं आहे.

मेडशीची मोटार अकराला होती. विहीर खरंच जवळ होती, आणि घरात कुणी नव्हतं. मी दोरी उचलली. बांधावं कसं मला कळत नव्हतं. तिला कळलं. ती स्वतःच खांबाशी जाऊन बसली, उजवं मनगट माझ्यापुढे केलं, आणि दोरी कुठून घ्यायची ते डाव्या हाताने दाखवलं.

"घट बांध, बापा," ती म्हणाली. "ढोर सुटलं का दुसऱ्याच्या वावरात शिरते. पेरेल असते तिथं."

मी घट्ट बांधली. तिने हात ओढून पाहिला. गाठ सुटली नाही, तेव्हा ती माझ्याकडे बघून समाधानाने हसली.